सातबाऱ्यापलीकडे : वाशिम जिल्ह्यातील जमीन खरेदी आणि दस्तऐवजांचे वाचन

प्रस्तावना

वाशिमच्या भूमीशी निगडित असलेला एक प्राचीन दस्तऐवज अभ्यासकांना उपलब्ध आहे. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशिम येथून एका ग्रामदानाचा ताम्रपट दिला. १९३९ मध्ये प्रकाशात आलेल्या या ताम्रपटातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष दानाचा भाग प्राकृतात आहे. राजाची थोरवी पंडितांच्या भाषेत आणि जमिनीचा तपशील लोकव्यवहाराच्या भाषेत, ही वाटणी अर्थपूर्ण वाटते. गाव कोणते, ते कोणत्या प्रदेशात आहे, कोणास दिले आणि कशातून मुक्त केले, हे प्रश्न त्या काळीही निर्णायक होते. आज वावर किंवा प्लॉट खरेदी करणाऱ्यासमोर थोड्याफार फरकाने हेच प्रश्न उभे असतात. मात्र आजचे दस्तऐवज मराठीत असूनही ते वाचण्याची सवय समाजात फारशी रुजलेली नाही.

वाशिम हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा जिल्हा आहे. सोयाबीन आणि तुरीच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे शिल्लक टाकून, दागिने मोडून किंवा नातलगांकडून उसनवारी करून येथील कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच जमीन खरेदी करते. व्यवहाराच्या वेळी सातबारा पाहिला जातो, त्यावर विक्री करणाऱ्याचे नाव असल्याची खात्री केली जाते, इसार दिला जातो आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदविले जाते. येथे कायदा पूर्ण झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः सातबारा हा मालकीचा दाखला नसून मालकीच्या इतिहासाकडे नेणारी ती केवळ पहिली पायरी आहे. प्रस्तुत लेखात या पायरीपलीकडे काय वाचावे, आणि वऱ्हाडचा भाग असलेल्या वाशिम जिल्ह्यात ते वाचन उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळे का ठरते, याचा विचार केला आहे.

वऱ्हाडचा महसुली वारसा

जमीन खरेदीविषयी मराठीत जे मार्गदर्शन आढळते ते बहुतांशी पश्चिम महाराष्ट्राला समोर ठेवून लिहिलेले असते. त्यातील कलमे आणि संज्ञा वाशिमला जशाच्या तशा लागू होत नाहीत. याचे कारण इतिहासात आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये कारभाराच्या दृष्टीने मध्य प्रांताला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. या काळात येथे वऱ्हाड जमीन महसूल संहिता, १९२८ आणि त्यानंतर मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, १९५४ असे दोन कायदे लागू होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली, तेव्हा कुठे संपूर्ण राज्यासाठी एकच महसुली कायदा झाला. कुळकायदा मात्र आजही एक नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आणि विदर्भात १९५८ चा कायदा, असे तीन स्वतंत्र कायदे आहेत. परिणामी वाशिम तालुक्यातील एखादे शेत आणि पलीकडच्या हिंगोली जिल्ह्यातील शेत यांमध्ये काही मैलांचेच अंतर असले, तरी बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेऊ नये हा निर्बंध वाशिममध्ये विदर्भ कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८९ मधून येतो, तर हिंगोलीत हैदराबाद कायद्यातून. सर्वत्र उद्धृत होणारे कलम ६३ हे या दोहोंपैकी कोठेच लागू नाही.

जिल्ह्याचे नावही अनेकदा बदलले आहे. इंग्रजी अमदानीत 'बासिम' हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. त्यामुळे १९९८ पूर्वीच्या दस्तांवर 'जिल्हा अकोला' असे लिहिलेले असते. कारंजा पूर्वी मूर्तिजापूर तालुक्यात आणि रिसोड वाशिम तालुक्यात मोडत असे. जुना दस्त शोधताना आजच्या तालुक्याच्या नावाने शोध घेतल्यास तो सापडत नाही, आणि सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर काही अभिलेखांसाठी अकोल्याकडेही विचारणा करावी लागते.

सातबारा हा कशाचा पुरावा?

गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, या दोहोंचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. मूळ उद्देश महसूल गोळा करण्याचा. शेतसारा कोणाकडून घ्यायचा, हे शासनाला कळावे म्हणून ही नोंद. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांत सातबाऱ्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही सामावलेल्या आहेत. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग (१९९७), सूरज भान विरुद्ध वित्तीय आयुक्त (२००७) आणि जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) अशा अनेक निर्णयांत वारंवार स्पष्ट केले आहे. मालकीचा वाद झाल्यास त्याचा निवाडा दिवाणी न्यायालयच करते.

असे असले तरी सातबारा दुय्यम समजणे हीदेखील चूक ठरेल. नीट वाचल्यास तो पुष्कळ काही सांगतो. समजा, रिसोड तालुक्यातील एका गटाचा उतारा समोर आहे. क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, म्हणजे सुमारे चार एकर. त्याखाली पोटखराबा दाखविलेला असतो. पोटखराबा वर्ग 'अ' म्हणजे लागवडीस अयोग्य पण खातेदाराकडेच असलेली जमीन, तर वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामाकडे असलेली जमीन. एकूण क्षेत्राचे पैसे मोजून प्रत्यक्षात नाल्याचे पात्रही विकत घेतल्यासारखे होऊ नये, यासाठी हा रकाना आधी पाहावा. त्यानंतर भूधारणा पद्धती, म्हणजे वर्ग १ की वर्ग २. खातेदारांची नावे एकाहून अधिक असल्यास प्रत्येकाचे क्षेत्र स्वतंत्र दाखविले आहे की नोंद सामाईक आहे, हे पाहावे. सामाईक असल्यास कोणाचा हिस्सा पूर्वेकडचा आणि कोणाचा पश्चिमेकडचा हे कागदावर ठरलेलेच नसते. भावाभावांत तोंडी ठरलेले असते, एवढेच.

सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत अधिक बोलका भाग म्हणजे 'इतर हक्क' हा रकाना. बँकेचा किंवा सेवा सहकारी सोसायटीचा बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, कुळाचे नाव, 'हस्तांतरणास बंदी', 'पुनर्वसनासाठी राखीव', भूसंपादनाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम हे सारे तेथे असते. पाटबंधारे प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील जमिनींवर प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन कायद्यानुसार हस्तांतरणाचे निर्बंध येतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या भागांतून गेला असल्याने त्याच्या आसपासच्या गटांचा काही अंश संपादित झालेला असू शकतो. अशा वेळी उताऱ्यावरील शिल्लक क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र जुळते काय, हे पाहणे अगत्याचे आहे. २०२० मध्ये उताऱ्याच्या नमुन्यात बदल होऊन शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक तसेच प्रलंबित फेरफार असल्यास त्याचा उल्लेख येऊ लागला. 'प्रलंबित फेरफार' असे शब्द दिसल्यास तो काय आहे हे कळल्याशिवाय इसार देणे धोक्याचे होय.

फेरफारांची साखळी

सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे हे फेरफार क्रमांक होत. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. आजचे नाव कसे आले, हे सातबारा सांगत नाही, फेरफार सांगतो. खरेदीने, वारसाने, वाटणीने, बक्षीसपत्राने, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने की कुळाच्या हक्काने, हे त्यातच लिहिलेले असते. म्हणून शेवटच्या फेरफारापासून मागे मागे जात निदान तीस वर्षांची, आणि शक्य झाल्यास १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंतची साखळी जुळवावी. साखळीतील प्रत्येक कडीमागे मूळ दस्त असला पाहिजे. खरेदीचा फेरफार असेल तर नोंदणीकृत खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन. वारसाचा असेल तर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचे जबाब.

गावपातळीवर वारसाच्या फेरफारातच बहुतेक वादांचे बीज पेरलेले आढळते. वडिलांच्या मृत्यूनंतर भावांची नावे लागली आणि बहिणींची वगळली गेली, असे उतारे प्रत्येक तालुक्यात आहेत. 'तिचे लग्न झाले, तिला हुंडा दिला' हे कारण समाजात पुरेसे मानले जाई. कायद्यात ते कधीच पुरेसे नव्हते, कारण वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच वाटा दिला होता. १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीने त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांप्रमाणे हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट उरली नाही, आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना मात्र बाधा येत नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. वडिलोपार्जित जमीन दोन भावांकडून घेताना त्यांना बहिणी किती, हा प्रश्न संकोच न बाळगता विचारला पाहिजे. त्या बहिणींची खरेदीखतावर सही, अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र, यांपैकी एक हवेच. साध्या कागदावरील संमतीपत्राने हक्क सुटत नाही. यात बहिणीकडे अडथळा म्हणून पाहण्याची वृत्ती दिसते, ती योग्य नव्हे. विक्रीच्या किमतीतील तिचा वाटा हा तिचा हक्क आहे, आणि तो देऊन झालेला व्यवहारच पक्का असतो.

वारसांत अल्पवयीन मूल असल्यास त्याच्या स्वतंत्र हिश्श्याची विक्री नैसर्गिक पालकालाही जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. सज्ञान झाल्यावर ते मूल व्यवहार रद्द करून मागू शकते.

साखळीत कलम १५५ खालील दुरुस्ती आदेश आढळल्यास अधिक बारकाईने पाहावे. हे कलम लेखनप्रमाद दुरुस्त करण्यापुरते आहे. संगणकीकरणात क्षेत्र किंवा नाव चुकले असल्यास ते यथायोग्य सुधारले जाते. परंतु त्याच वाटेने वर्ग बदलला असेल किंवा एखादे नाव कमी झाले असेल, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल काढून दोन्ही समोरासमोर ठेवावेत.

वर्ग २ : परवानगीवाचून न विकता येणारी जमीन

संहितेच्या कलम २९ नुसार भोगवटादार वर्ग १ हा जमिनीचे हस्तांतरण निर्बंधाविना करू शकतो, तर वर्ग २ च्या जमिनीवर निर्बंध असतात. विदर्भातील जुन्या उताऱ्यांत 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' हे १९५४ च्या संहितेतील शब्द आढळतात. निर्बंधरहित भूमिस्वामी हे पुढे वर्ग १ मध्ये आले आणि भूमिधारी वर्ग २ मध्ये. त्यानंतर त्या जमिनीचा दर्जा बदलला असल्यास त्याचा फेरफार असलाच पाहिजे.

वर्ग २ ही एकजिनसी संज्ञा नाही, आणि येथेच अनेकांची फसगत होते. तिच्या पोटात निरनिराळ्या इतिहासाच्या जमिनी आहेत. विदर्भ कुळवहिवाट कायद्याने १ एप्रिल १९६१ पासून कुळांना मालकी मिळण्यास प्रारंभ झाला; अशा जमिनीच्या विक्रीवर कलम ५७ चा निर्बंध होता. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला मालकी मिळून दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या ४० पट रक्कम शासनजमा करून आणि खरेदीदार शेतकरी असल्याच्या अटीवर ती विकता येते. कमाल जमीन धारणा कायदा, १९६१ खाली अतिरिक्त ठरलेली आणि भूमिहीनांना वाटलेली जमीन वेगळी. तिच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. भूदानाची जमीन आणखी वेगळी. विनोबांच्या चळवळीत विदर्भातून मिळालेल्या जमिनींना मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा, १९५३ लागू आहे. या जमिनीचा धारक ती कसू शकतो, त्याचे वारस ती पुढे चालवू शकतात, पण ती विकण्याचा अधिकार त्यास नाही. ४० पट रक्कम भरल्याची पावती दाखवून अशा जमिनीचा सौदा कोणी पुढे करीत असेल, तर एका कायद्याची सवलत दुसऱ्या कायद्याच्या जमिनीला लावण्याचा तो प्रकार होय. परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात शर्तभंगाची कारवाई होऊन जमीन शासनजमा होऊ शकते, आणि दिलेला पैसा परत मिळविण्याची जबाबदारी खरेदीदारावर येऊन पडते.

अनुसूचित जमातीच्या खातेदाराची जमीन हा स्वतंत्र विषय आहे. मालेगाव, मानोरा, रिसोड या तालुक्यांत आदिवासी खातेदार आहेत. ६ जुलै १९७४ पासून अशी जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला देण्यासाठी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक आहे, मग ती वर्ग १ ची का असेना. म्हणजे वर्ग १ हा शब्दही सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. सार्वजनिक न्यासाच्या, म्हणजे देवस्थान व मठ यांच्या मिळकतीसाठी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, आणि वक्फ मिळकतीला वक्फ कायदा लागू आहे. जुन्या इनामांच्या गावांत मूळ फेरफार पाहिल्याशिवाय आजच्या उताऱ्यावर विसंबू नये.

ई-क्लास आणि गायरान

वऱ्हाडात गुरचरणासाठी राखलेल्या शासकीय जमिनीला लोक 'ई-क्लास' म्हणतात. या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या अतिक्रमणे आहेत आणि 'आज ना उद्या पट्टा मिळणार' या आश्वासनावर त्यांचे ताबे स्टॅम्पपेपरवर विकलेही जातात. अशा कागदाने काहीही हस्तांतरित होत नाही, कारण देणाऱ्याकडेच काही नसते. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे नियमित करण्याच्या प्रथेवर कडक शब्दांत टीका करून ती हटविण्याच्या योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. या निर्णयाचे पडसाद वाशिम जिल्ह्यात प्रत्यक्ष उमटले आहेत. घोडबाभूळ येथील ३७ एकरांच्या गायरान जमिनीवरील एका खाजगी व्यक्तीचा दावा न्यायालयाने पूर्वीच नाकारला होता. तरीही २०२२ मध्ये ती जमीन त्या व्यक्तीच्या नावे नियमित करण्याचा आदेश मंत्रिस्तरावर झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२२ मध्ये या आदेशाला स्थगिती दिली. मंत्रालयातील आदेशाची ही स्थिती असेल, तर शंभर-पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवरील ताबा पावतीची काय, याचा विचार अशा जमिनीचा सौदा करणाऱ्याने करावा.

कर्ज, सावकारी आणि 'नावापुरते' खरेदीखत

बोजाची नोंद असणे ही आपत्ती नव्हे. ती नोंद नसताना कर्ज असणे ही आपत्ती होय. म्हणून सातबारा कोरा असला तरी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा आणि संबंधित बँकांचा बेबाकी दाखला घ्यावा. उलटपक्षी भूविकास बँकेची थकित कर्जे शासनाने २०२२ मध्ये माफ केल्यानंतरही जेथे जुना बोजा उताऱ्यावर दिसत असेल, तेथे तो कमी झाल्याचा फेरफार विक्री करणाऱ्यानेच आधी करून द्यावा.

याहून अवघड प्रकार सावकारीचा आहे. विदर्भात कर्जाच्या तारणापोटी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत करून घेण्याची रीत जुनी आहे. 'पैसे परत केले की वावर परत' हे बोलणे तोंडी, आणि कागद मात्र पक्क्या विक्रीचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८ नुसार परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण मानला जातो. त्यामुळे तोंडी अट न्यायालयात टिकविणे कर्जदार शेतकऱ्याला कठीण जाते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ ने मात्र जिल्हा निबंधकाला चौकशी करून, अवैध सावकारीतून झालेले खरेदीखत रद्द ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार दिला आहे. हा कायदा पीडित शेतकऱ्याला जितका उपयोगी, तितकाच तो तिसऱ्या खरेदीदाराला इशारा देणारा आहे. विक्री करणाऱ्याने ती जमीन अलीकडेच बाजारभावापेक्षा फार कमी किमतीत घेतली असेल आणि मूळ मालक अजूनही तीच जमीन कसत असेल, तर गाव नमुना बारा व प्रत्यक्ष ताबा काय सांगतात हे पाहावे. गावात जाऊन शेजाऱ्याला विचारणे हीदेखील कायदेशीर चौकशीच होय, कारण ताबा असलेल्या व्यक्तीच्या हक्काची माहिती खरेदीदाराला आहे असे कायदा गृहीत धरतो.

प्लॉट आणि घर

वाशिम, कारंजा, रिसोड यांसारख्या शहरांच्या कडेला आणि समृद्धी महामार्गालगत शेलूबाजारसारख्या ठिकाणी प्लॉटची मागणी वाढलेली दिसते. मंजूर रेखांकनातील प्लॉट आणि शेताचे दोरीने पाडलेले तुकडे यांत कागदावर मूलभूत अंतर आहे. तुकडेबंदी कायदा, १९४७ नुसार प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा शेतजमिनीतून विकता येत नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीस २० आर आणि बागायतीस १० आर ठरविले. २०२५ मध्ये नागरी व निवासी वापराच्या क्षेत्रांतील जुन्या तुकड्यांना सवलत देण्यात आली. तथापि शेतीचीच राहिलेल्या जमिनीला ती आपोआप लागू होत नाही. निर्बंध टाळण्यासाठी दहा-बारा अनोळखी खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावण्याची युक्ती केली जाते. अशा 'प्लॉटधारका'कडे ठरावीक जागा नसते. त्याच्याकडे असतो तो न वाटलेला हिस्सा, ज्यावर बँक कर्ज देत नाही आणि नगरपरिषद बांधकाम परवानगी देत नाही. प्लॉट घेताना मंजूर रेखांकनाचा नकाशा, अकृषिक वापराचा आदेश किंवा सनद आणि प्लॉटचा स्वतंत्र उतारा, हे तीन कागद एकमेकांशी ताडून पाहावेत.

गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखविला जातो. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. २०२० मध्ये आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका देण्यात येतात. ती झालेली असल्यास ती मागावी. विदर्भातील शहरांत 'नझूल' ही आणखी एक संज्ञा भेटते. नझूल शीट क्रमांक व प्लॉट क्रमांक असलेली जागा मूळ शासनाची, आणि धारकाकडे बहुधा भाडेपट्टा असतो. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतरणाची अट पाहिल्याशिवाय त्यावरील इमारतीचे मोल ठरविता येत नाही.

इसारापासून फेरफारापर्यंत

इसारपावती किंवा सौदाचिठ्ठी हा विक्रीचा करार होय, विक्री नव्हे. १८८२ च्या कायद्याचे कलम ५४ हे भेद स्पष्ट करते. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. आममुख्त्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांचा संच करून 'विक्री' करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य (२०११) या निर्णयात अमान्य केली. इसाराची रक्कम लहान ठेवावी, ती बँकेमार्फत द्यावी, आणि मालकीत दोष आढळल्यास रक्कम परत करण्याची अट त्यात लिहावी. ताब्यासह करार करावयाचा असल्यास तो नोंदणीकृत हवा आणि त्यावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते.

नोंदणी म्हणजे मालकीची शासकीय हमी, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. दुय्यम निबंधक हा दस्त कोणी, केव्हा आणि कोणासमक्ष करून दिला याची नोंद घेतो. देणाऱ्याला तो अधिकार होता काय, याचा निवाडा तो करीत नाही. मालकी तपासणे हे निबंधकाचे काम नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील के. गोपी यांच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. म्हणजे हा शोध खरेदीदाराने अथवा त्याच्या वकिलाने आधीच घ्यावयाचा असतो. दस्ताच्या मसुद्यात गट क्रमांक, क्षेत्र, आकार, विहीर व झाडे यांच्याइतकीच चतुःसीमा महत्त्वाची आहे. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, हे जुन्या दस्तातून उतरवून न घेता जागेवर जाऊन लिहावे. शेजारचे वावर या काळात तीन हातांतून गेलेले असते. वाटेचा उल्लेखही हवा. पांदण रस्ता गाव नकाशात दाखविलेला आहे की शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून केवळ सौजन्याने जाणे-येणे चालते, हे खरेदीपूर्वी विचारल्यास पेरणीच्या दिवसांत तहसीलदारांकडे कलम १४३ खाली अर्ज करण्याची वेळ येत नाही. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्येही वाटा, पाणी आणि वहिवाटीचे हक्क नोंदलेले असतात. हा दस्तऐवज सहसा कोणी मागत नाही.

क्षेत्राची खात्री उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडील मोजणीनेच होते. मोजणीचा नकाशा, ज्याला 'क' प्रत म्हणतात, त्यात वहिवाटीची हद्द आणि अभिलेखाची हद्द निरनिराळी दाखविलेली असू शकते. ती तशी असल्यास किंमत कोणत्या क्षेत्राची, हे खरेदीखतापूर्वीच ठरवून घ्यावे.

खरेदीखत झाल्यावर त्याची माहिती नोंदणी कार्यालयाकडून महसूल विभागाकडे जाते. ग्राम महसूल अधिकारी, ज्यांना २०२४ पर्यंत तलाठी म्हणत आणि वऱ्हाडातील जुनी माणसे अजूनही पटवारी म्हणतात, फेरफार नोंदवून हितसंबंधितांना नोटीस काढतात. हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी असतो. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि त्याविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. या अवधीत उरलेली रक्कम, असल्यास, पूर्णपणे देऊन टाकू नये असा अनुभवी वकिलांचा परिपाठ आहे. फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा आणि आठ-अ काढावा, आणि त्यातील नाव, क्षेत्र, वर्ग व इतर हक्कांचा रकाना खरेदीखताशी एकदा ताडून पाहावा. नावातील एका अक्षराची चूक त्या आठवड्यात अर्जाने दुरुस्त होते. वीस वर्षांनी तीच चूक वारसांना प्रतिज्ञापत्र, जबाब आणि तारखा यांच्या फेऱ्यात अडकविते.